झोपेसाठी हर्बल चहा: काय टाकायचं, किती वेळ झाकायचं आणि कोणी लांब राहायचं

आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कुणाची निराशा नको. हर्बल चहा म्हणजे झोपेची गोळी नाही. कप संपवला आणि दहा मिनिटांत घोरायला लागले असं कुणाचं होत असेल तर तो माणूस मुळातच दमून आलेला असतो. या चहानं काय होतं, तर रात्रीचा शेवटचा तास जरा शांत जातो, पोटात काहीतरी कोमट जातं, हातात मोबाईलऐवजी कप असतो आणि आत टाकलेली वनस्पती थोडाफार हातभार लावते. थोडाफारच. पण आपला तो शेवटचा तासच हल्ली पार बोंबललेला असतो, जेवण साडेदहाला, मग सिरियल, मग रील्स, मग ऑफिसचा ग्रुप, त्यामुळे एवढ्यानंही बऱ्याच जणांना फरक जाणवतो.

आता रात्री काय घालायचं ते नंतर बघू, आधी संध्याकाळी काय काढायचं ते बघा. चहाला वेळ नसते पण वेळेला चहा लागतो हे आपण कौतुकानं म्हणतो खरं, पण संध्याकाळी सहा-सातचा चहा झोपेच्या मुळावर येतो. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यानं झोपेची गुंगी येते. कॅफिन नेमकं त्याच्याच जागा अडवून बसतं. आणि ते शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात, गरोदरपणात तर त्याहून बरेच जास्त. म्हणजे सहाला प्यायलेल्या चहाचं निम्मं कॅफिन अकरा वाजता तुमच्याबरोबर गादीवर असतं. एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम धरा, कॉफीत त्याहून जास्त. त्यामुळे दुपारी तीन-चारनंतर चहा-कॉफी बंद, निदान दोन आठवडे बंद करून बघा, नाहीतर रात्री कितीही भारी फुलं उकळली तरी उपयोग नाही. आणि हो, ग्रीन टी हा हर्बल चहा नाही!! तो चहाच्याच झाडाचा पाला आहे, त्यातही कॅफिन असतं. डाएट म्हणून रात्री जेवणानंतर ग्रीन टी पिणारे आणि मग दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडणारे लोक माझ्या ओळखीत बरेच आहेत.

आता करायचा कसा. यात एकच गोष्ट नीट कळली की बाकी सोपं आहे. पानं आणि फुलं खळाखळा उकळायची नसतात, मुळं आणि साली उकळायच्या असतात. आयुर्वेदात यालाच फांट आणि काढा म्हणतात, फांट म्हणजे गरम पाण्यात घालून झाकून ठेवायचं आणि मग गाळायचं, काढा म्हणजे मंद आचेवर आटवायचं. आपल्याकडे सगळ्याचाच काढा करतात, तुळस घाल, पुदिना घाल, गवती चहा घाल आणि पंधरा मिनिटं उकळ. घरभर मस्त वास सुटतो. पण तो वास म्हणजे पानातलं तेल उडून चाललंय, जे कपात यायला हवं ते किचनमध्ये फिरतंय. म्हणून झाकण हवंच. ताटली ठेवा, वाटी पालथी घाला, काहीही करा पण झाका, आणि गाळायच्या वेळी झाकणाला आतून जे थेंब लागलेले असतात ते झटकून परत पातेल्यातच टाका, सगळा मजा त्यातच असतो.

सुरुवात गवती चहापासून करा कारण तो सगळीकडे मिळतो, पावसाळ्यात तर भाजीवालीकडे आलं-पुदिन्याबरोबर जुडीच बांधून मिळते. एका माणसाला चार-पाच लांब पाती पुरे. बुडाशी माती अडकलेली असते तिथे नीट धुवा, आणि पात्याच्या कडेवरून बोट उलटं फिरवू नका, ब्लेडसारखं कापतं. पाती हातानं जरा चुरगाळायची, मग दुमडून त्याचीच गाठ मारायची म्हणजे पातेल्यात पसरत नाहीत आणि गाळणं तुंबत नाही. सव्वा कप पाणी, त्यात अर्धा चमचा बडीशेप जराशी ठेचून, पाण्याला उकळी आली की गाठ टाकायची, दोन मिनिटं मंद गॅसवर, गॅस बंद, झाकण, सात-आठ मिनिटं. बस. चहा पावडर नाही, दूध नाही. आलं मी रात्री घालत नाही, ज्यांना जळजळ होते त्यांना ते रात्री भोवतं. गोड हवं असेल तर गाळल्यावर गुळाचा छोटा खडा. बडीशेपेमुळे तसाही हलका गोडवा येतो, पंधरा दिवसांत गूळ सुटतो.

खरं सांगायचं तर गवती चहानं झोप येते याला पुरावा फारसा नाही. १९८६ साली ब्राझीलमध्ये, जिथे हा चहा घरोघरी ‘नसा शांत करायला’ म्हणून पितात, तिथल्याच संशोधकांनी माणसांवर तपासून बघितलं आणि झोपेवर किंवा घबराटीवर काही परिणाम दिसला नाही. तरी मी तो पिते आणि सांगतेही, कारण त्यात कॅफिन नाही, चव ओळखीची आहे, आणि ज्या माणसाला रात्री ‘चहा’ लागतोच त्याला चहा प्यायल्याचं समाधान मिळतं. माझ्या मते आपल्याकडे हर्बल चहाचं निम्मं काम हेच आहे, झोप आणण्याऐवजी झोप घालवणाऱ्या चहाची जागा घेणं.

कुंडीत लावणार असाल तर बुडखा खोचला की लागतो, ऊन आणि पाणी दिलं की काही बघावं लागत नाही. फक्त नर्सरीतून घेताना विचारून घ्या, सिट्रोनेला नावाचं गवत अगदी असंच दिसतं, डास पळवायला म्हणून विकतात, ते चहात घालायचं नाही. त्याचा बुडखा लालसर असतो आणि वास डासांच्या क्रीमसारखा येतो.

दुसरं म्हणजे कॅमोमाइल. युनानीवाले ज्याला बाबूना म्हणतात तेच हे. आता मॉलमध्ये, ऑनलाइन सगळीकडे मिळतं. टी-बॅगपेक्षा सुटी फुलं घ्या, आणि घेताना बघा की मधला पिवळा गोंडा अख्खा आहे का, नुसता भुगा आणि काड्या असतील तर पैसे वाया. डबा उघडल्यावर सफरचंद आणि वाळलेलं गवत एकत्र असा वास यायला हवा, काहीच वास येत नसेल तर ते जुनं आहे. एका कपाला एक मोठा चमचा भरून फुलं, साधारण २-३ ग्रॅम, फुलं हलकी असतात त्यामुळे चमचा भरलेला दिसतो तरी वजन काही नसतं. पाणी उकळून गॅस बंद करायचा, अर्धा मिनिट थांबायचं, मग फुलांवर ओतायचं. आधी सगळी फुलं वर तरंगतात, पाच मिनिटांनी पाण्याला फिकट पिवळा, मग मधासारखा रंग येतो आणि फुलं फुगून हळूहळू खाली बसायला लागतात. दहा मिनिटं झाकून ठेवा. पॅकेटवर तीन मिनिटं लिहिलेलं असतं, तीन मिनिटांत नुसतं रंगीत पाणी मिळतं. पंधराच्या पुढे गेलात तर कडवट होतं.

याच्यात एपिजेनिन नावाचं द्रव्य असतं, मेंदूत झोपेच्या काही गोळ्या ज्या ठिकाणी जाऊन चिकटतात तिथेच हे पण थोडं चिकटतं, म्हणून त्याचं एवढं नाव आहे. पण प्रमाण बघा, गोळी कुठे आणि फुलाचं पाणी कुठे. २०१६ मध्ये तैवानमध्ये झोप न लागणाऱ्या ८० बाळंतिणींवर एक अभ्यास झाला, अर्ध्या जणींना रोज कॅमोमाइल चहा दिला, दोन आठवड्यांनी त्यांना बरं वाटत होतं पण चार आठवड्यांनी चहा पिणाऱ्या आणि न पिणाऱ्या सारख्याच झाल्या. यावरून मी एवढंच काढते की वाईट दिवस चालू असतील, परीक्षा, घर बदलणं, ऑफिसची कटकट, तर दोन-तीन आठवडे प्यायला मस्त आहे. वर्षानुवर्षाच्या निद्रानाशाला हे पुरणार नाही.

दूध चालत असेल तर जायफळ आहेच. हा चहा नव्हे, पण झोपेचं नाव काढल्यावर मराठी घरात जायफळ न येणं शक्य नाही. पुरणपोळी खाल्ली की दुपारी सगळं घर आडवं होतं त्याचं श्रेय लोक जायफळाला देतात, खरं तर चार पोळ्या, वाटीभर तूप आणि कटाची आमटी यांचाही त्यात वाटा असतो, पण असो. तयार पावडर नको, ती महिन्याभरात नुसता लाकडाचा भुसा होते. अख्खं जायफळ घ्या, हातात जड लागलं पाहिजे आणि बारीक भोकं नकोत, भोक म्हणजे आत किडा. कोकणात कुणी असेल तर तिकडून मागवा, नारळ-पोफळीच्या बागेत आता जायफळाची झाडं बऱ्यापैकी लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोकण सुगंधा, कोकण स्वाद अशा जातीही काढल्यात. सहाणेवर दुधाचे चार थेंब टाकायचे आणि जायफळ दोन-तीन वेढे उगाळायचं, फिक्या चॉकलेटी रंगाचा पातळ लेप सुटतो, तो बोटानं निपटून अर्धा-पाऊण कप कोमट दुधात. सहाण नसेल तर बारीक किसणीवर दोनदा घासा, पडेल ती चिमूट पुरे. वाटल्यास वेलदोडा.

पण इथे हात आखडता ठेवा!! जायफळात मायरिस्टिसिन असतं आणि साधारण ५ ग्रॅमच्या पुढे गेलं की विषबाधेची लक्षणं दिसलेली आहेत, छातीत धडधड, उलट्या, तोंड कोरडं, भास. एक अख्खं जायफळच साधारण तेवढ्या वजनाचं असतं. चिमटीनं झोप येते म्हणून चमचाभर घातलं तर डबल झोप येईल असा हिशोब इथे चालत नाही. आणि लहान बाळाला झोपवायला जायफळ उगाळून चाटवायची जी पद्धत आहे ती डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका, आजी कितीही म्हणाली तरी. बाळाचं वजन केवढं, वेढा केवढा, काही मोजमाप नसतं.

मग लोक विचारतात अश्वगंधा, जटामांसी, तगर, ब्राह्मी घालू का. माझं स्पष्ट मत, ही घरगुती चहाची वस्तू नाही, औषध आहे आणि औषधासारखंच घ्यायचं, वैद्याला दाखवून. अश्वगंधाच्या शास्त्रीय नावातच ‘सोम्निफेरा’ म्हणजे झोप आणणारी असं आहे, त्यामुळे ती उगाच नाही, पण थायरॉइडच्या गोळ्यांशी तिचं जमत नाही, गरोदरपणात चालत नाही आणि काही लोकांना लिव्हरचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. जटामांसी हिमालयातून येते आणि तिथे ती इतकी ओरबाडली गेलीय की नष्ट व्हायच्या बेतात आहे, आपल्या रात्रीच्या कपासाठी ती नको. तगराबद्दल मात्र नीट वाचा. औषधातला तगर म्हणजे हिमालयातल्या एका झाडाचं मूळ, परदेशात ज्याला व्हॅलेरियन म्हणतात त्याचाच भाऊबंद, वास असा की दोन दिवस न धुतलेले मोजे. आपल्या अंगणात पांढऱ्या फुलांचा जो तगर असतो, देवाला वाहतो तो, ते पूर्ण वेगळं झाड आहे. त्याचं पान, फूल, मूळ काहीही उकळून प्यायचं नाही. नाव सारखं म्हणून कुणीतरी करेल अशी मला खरंच भीती वाटते. आणि ज्या व्हॅलेरियनची एवढी जाहिरात होते त्याबद्दल अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१७ च्या गाइडलाइनमध्ये निद्रानाशासाठी ते वापरू नका असंच सुचवलंय.

तयार ‘स्लीप टी’ची पाकिटं घेणार असाल तर पुढची चंद्र-चांदण्यांची डिझाइन सोडा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. काहींमध्ये बेसच ग्रीन टीचा असतो. बऱ्याचशांमध्ये गोडीसाठी ज्येष्ठमध असतं, ते कधीतरी ठीक पण रोज महिनोन्‌महिने पोटात गेलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम कमी होतं, त्यामुळे बीपीवाल्यांनी ते पाकीट परत रॅकवर ठेवायचं. पुदिना असेल तर ज्यांना रात्री आंबट पाणी वर येतं त्यांनी टाळा, पुदिन्यानं अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते, आडवं झालं की जास्तच त्रास. गोकर्णाचा निळा चहा फोटोला छान येतो, लिंबू पिळलं की जांभळा होतो, कॅफिन नाही, झोपेचं मला काही दिसलं नाही.

प्यायचा कधी? झोपायच्या तास-दीड तास आधी, गादीवर बसून नव्हे. आणि मोठा मग नको, दीडशे मिली म्हणजे आपला साधा चहाचा कप पुरे. नाहीतर दोन वाजता बाथरूमला उठायचं आणि मग परत झोप नाही, म्हणजे भीक नको पण कुत्रा आवर. घरात प्रोस्टेटचा त्रास असलेले बाबा किंवा लघवीची गोळी घेणारी आजी असेल तर त्यांना अर्धा कप, तोही जेवणानंतर लगेच. साखरवाल्यांनी गूळ-मध दोन्ही विसरायचं, गूळ ‘नॅचरल’ असला तरी शुगर वाढवतोच.

आणि पिताना काय करायचं हे लोक विचारतच नाहीत, तेच तर मेन आहे. ट्यूबलाइट बंद करा, एखादा पिवळा दिवा ठेवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. पाय कोमट पाण्यानं धुवून या, पाय गरम झाले की त्वचेकडे रक्त जातं, आतलं तापमान उतरायला मदत होते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. मग कप हातात घ्या, गरम आहे तोवर फुंकर मारत सावकाश प्या. उद्याची कामं डोक्यात फिरत असतील तर एका कागदावर लिहून टाका, गॅस सिलिंडर, शाळेची फी, जे असेल ते. घरात बोलणारं माणूस असेल तर बोला, पण पैशाचा आणि सासरचा विषय सकाळी. रोज साधारण त्याच वेळेला केलं की शरीराला सवय लागते, पातेलं गॅसवर चढलं की जांभया सुरू होतात.

आता कोणी लांब राहायचं. ‘नॅचरल आहे, साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य मला डोक्यात जातं, धोतराही नॅचरलच आहे. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर कॅमोमाइल बंद, २००६ मध्ये कॅनडातल्या एका ७० वर्षांच्या बाईंना वॉरफरिनबरोबर कॅमोमाइलचा चहा आणि लोशन वापरल्यावर शरीराच्या आत रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. शेवंती, झेंडू, सूर्यफूल किंवा गाजर गवतानं ज्यांना शिंका, खाज, पुरळ येते त्यांनीही कॅमोमाइल जपून, ही सगळी एकाच कुळातली. झोपेच्या, डिप्रेशनच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर कुठलीही वनस्पती सुरू करायच्या आधी डॉक्टरला सांगा आणि चहा चांगला लागू पडला म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. गरोदर बायकांनी बडीशेप-गवती चहासुद्धा विचारून, ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी सगळं थांबवून डॉक्टरला कल्पना द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही.

रात्री दोन-तीनला जाग आली तर परत चहा करायला उठू नका, दिवा, गॅस, भांड्यांचा आवाज यात उरलीसुरली झोप पण जाते. वीसेक मिनिटं तळमळ चालू राहिली तर मंद दिव्यात खुर्चीत जाऊन बसा, डोळे जड झाले की परत आडवे व्हा. घड्याळ बघायचं नाही.

आणि हे सगळं करून आठवड्यातले तीन-चार दिवस झोपच लागत नाही, असं तीन महिने चाललंय, किंवा घरचे सांगतायत की घोरता घोरता मधेच श्वास थांबतो, किंवा पहाटे चारला जाग येऊन मन उदास होतं, तर ते चहाचं प्रकरण नाही, डॉक्टर गाठा. जुन्या निद्रानाशासाठी आता गोळीच्या आधी सीबीटी-आय नावाची उपचारपद्धत सुचवतात, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलची काळजी यावर काम करतात, साधारण सहा-आठ सेशन्स असतात. मन जास्तच बिघडलं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाताना दोन आठवड्यांची वही न्या, किती वाजता आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, कितीदा उठलात, दुपारी झोपलात का, शेवटचा चहा किती वाजता प्यायलात, आणि कुठल्या कुठल्या वनस्पती चालू आहेत त्याची पाकिटं सरळ पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगताना आपण निम्मी विसरतो.